स्वाध्यायाची वही आणि महाजाल

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव हा संस्थेच्या दृष्टीने आनंदाचा, तसाच हिशेबाचा प्रसंग असतो. पन्नास वर्षांत किती निधी आला, कोणत्या वास्तू उभ्या राहिल्या, किती विद्यार्थ्यांना साहाय्य झाले, याची नोंद ट्रस्टच्या दप्तरात मिळते. परंतु याच पन्नास वर्षांत समाजाने केलेल्या स्वाध्यायाची नोंद कोठे मिळेल? ती घरोघरच्या वह्यांत आहे. चातुर्मासातील प्रवचने ऐकताना उतरवून घेतलेली वाक्ये, एखाद्या गाथेचा अर्थ, एखादी शंका, असे कितीतरी धन या वह्यांत दडलेले असते. लिहिणारा हयात असेपर्यंत त्या वहीचा उलगडा होतो. तो गेल्यानंतर मुलांच्या हाती उरतात ती अर्धवट वाक्ये. ग्रंथाचे नाव नाही, पान नाही, कोणाचे म्हणणे आहे याचा पत्ता नाही. काही वर्षे ती वही श्रद्धेने जपली जाते आणि पुढे घर बदलताना रद्दीच्या काट्यावर चढते.

आज वहीची जागा मोबाईल आणि संगणक घेत आहेत. शोधण्याची, टिपण्याची, समासात शेरा लिहिण्याची नवनवी साधने महाजालावर उपलब्ध आहेत. या साधनांमुळे वहीचे नशीब बदलेल की तीच गत अधिक वेगाने होईल, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

वर्धा जिल्ह्यातील एक प्रेरणा

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. धाम नदीच्या काठी पवनार येथे आचार्य विनोबा भावे यांचे वास्तव्य होते. विविध धर्मांचे ग्रंथ वाचून त्यांचे सार काढणे हा विनोबांच्या अध्ययनाचा एक मोठा भाग होता. कुराण-सार, ख्रिस्तधर्म-सार ही त्याचीच फळे. धम्मपदाच्या गाथांची नवी मांडणीही त्यांनी केली. जैन समाजाच्या सर्व संप्रदायांना मान्य होईल असा एक ग्रंथ असावा, ही त्यांची दीर्घकाळची इच्छा होती. ती पूर्ण केली क्षुल्लक जिनेंद्र वर्णी यांनी.

वर्णीजी मूळचे पानिपतचे, जन्म १९२२ चा. प्रकृती अतिशय नाजूक. तरीही अनेक वर्षे एकाग्रतेने त्यांनी शास्त्रांचा स्वाध्याय केला आणि वाचता वाचता टिपणे काढली. त्या टिपणांना त्यांनी अकारविल्हे लावले आणि त्यांतून 'जैनेंद्र सिद्धांत कोश' साकार झाला. भारतीय ज्ञानपीठाने १९७० ते १९७३ या काळात तो चार भागांत प्रसिद्ध केला. सुमारे ६,००० शब्दांचा हा कोश आजही अभ्यासकांचा आधार आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की, प्रत्येक उताऱ्याला ग्रंथाचे संक्षिप्त नाव, अधिकार, गाथा अथवा सूत्राचा क्रमांक आणि अनेक ठिकाणी पृष्ठ व ओळ यांचाही निर्देश आहे. एका व्यक्तीची टिपणवही साऱ्या समाजाची झाली, ती या निर्देशांमुळे.

पुढे भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने वर्णीजींनी विनोबांच्या प्रेरणेने गाथांचे संकलन केले. पहिले रूप 'जैनधर्म-सार' या नावाने छापून मुनिवर्गाकडे आणि विद्वानांकडे सूचनांसाठी पाठवण्यात आले. आलेल्या सूचना विचारात घेऊन ते पुन्हा रचले गेले. २९ व ३० नोव्हेंबर १९७४ रोजी दिल्ली येथे संगीती भरली. तीत सर्व संप्रदायांच्या मुनींनी आणि पंडितांनी एकत्र बसून पाठ तपासला. अखेरीस ४४ प्रकरणे आणि ७५६ गाथांचा 'समणसुत्तं' हा ग्रंथ १९७५ मध्ये वाराणसीच्या सर्व सेवा संघाने प्रकाशित केला. टिपण काढणे, ते दुसऱ्यांपुढे ठेवणे, त्यांचे शेरे घेणे आणि सुधारणे, ही सारी प्रक्रिया त्या काळी टपालाने आणि प्रत्यक्ष भेटीने पार पडली. आज महाजालावरील साधने नेमके हेच काम करू पाहतात. म्हणून या साधनांची पारख करण्यासाठी स्वाध्यायाचीच कसोटी लावणे योग्य ठरेल. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाची वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश ही पाच अंगे सांगितली आहेत. त्यांच्याच क्रमाने पाहू.

वाचना : शोधावे कसे?

ग्रंथ हाती आल्यावाचून वाचना नाही. एकेकाळी धवला टीकेचे दर्शन घडणेही दुर्लभ होते. मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर ती शतकानुशतके जपली गेली. आपल्या विदर्भातील अमरावती येथे प्राध्यापक असलेल्या डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादकत्वाखाली तिचा पहिला भाग १९३९ मध्ये प्रकाशात आला आणि पुढे एकूण १६ भाग झाले. आज जैन ई-लायब्ररी, इंटरनेट अर्काइव्ह यांसारख्या संकेतस्थळांवर हजारो ग्रंथांची छायाचित्रित पाने घरबसल्या उघडता येतात. वर्णीजींचा कोशही महाजालावर आला आहे.

परंतु पान दिसणे वेगळे आणि पानावरील शब्द सापडणे वेगळे. ग्रंथाचे केवळ छायाचित्र असेल, तर संगणकाला त्यातील अक्षरे कळत नाहीत. त्यांचे मजकुरात रूपांतर व्हावे लागते आणि त्या रूपांतरात जोडाक्षरांच्या चुका राहतात. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर दिसायला देवनागरी, पण संगणकाच्या दृष्टीने भलतीच अक्षरे असतात. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूरच सर्वत्र शोधता येतो. म्हणून ट्रस्टची पत्रिका असो की घरची टिपणे, ती यापुढे युनिकोडमध्येच लिहावीत, हा पहिला व्यावहारिक नियम.

दुसरी अडचण शब्दांच्या रूपांची. एकाच महामंत्राला कोणी णमोकार म्हणतो, कोणी नवकार, कोणी नमस्कार मंत्र. एका परंपरेच्या मुद्रित ग्रंथांत 'णमो' आढळते, तर दुसऱ्या परंपरेच्या ग्रंथांत 'नमो'. सम्यक्त्व, सम्मत्त आणि समकित हे एकाच अर्थाचे शब्द. सल्लेखना, संलेखना आणि संथारा यांचेही तसेच. मराठी लेखक 'संबंध' लिहितो, तर जुन्या संस्कृत-हिंदी पुस्तकांत 'सम्बन्ध' छापलेले असते. यंत्राला अर्थ पूर्णपणे उमगतोच असे नाही. पुष्कळदा ते अक्षरेच जुळवते. एका रूपाने शोधून काही न मिळाल्यास 'शास्त्रात असे नाही' असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. जाणकार अभ्यासक प्रथम शब्दाची सर्व रूपे कागदावर लिहितो आणि मग एकेक रूप शोधतो. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत लिहावा. विश्वासार्ह संकेतस्थळांपुरताच शोध मर्यादित ठेवण्याची सोयही असते. निवडक संकेतस्थळांचे स्वतःचे छोटे शोधयंत्र तयार करण्याची सुविधा गूगलने २००६ मध्येच उपलब्ध करून दिली होती. अफाट महाजालात भटकण्यापेक्षा दहा खात्रीच्या ग्रंथालयांत शोध घेणे स्वाध्यायीच्या अधिक उपयोगाचे आहे.

पृच्छना : विचारावे कसे?

शंका विचारण्याचा एक आदर्श पाठ सेवाग्रामशी नाते असलेल्या महापुरुषाने घालून दिला आहे. १८९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत असताना धर्मविषयक मंथनाने अस्वस्थ झालेल्या मोहनदास गांधींनी श्रीमद् राजचंद्र यांना पत्राने २७ प्रश्न विचारले. आत्मा म्हणजे काय, ईश्वर म्हणजे काय, मोक्ष म्हणजे काय, असे ते सुटसुटीत व क्रमवार प्रश्न होते. राजचंद्रांनीही क्रमानेच उत्तरे दिली. प्रश्न आणि उत्तर दोन्ही लिखित राहिल्यामुळेच आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर ते अभ्यासता येतात. साबरमती आश्रमाने २०१३ मध्ये सुरू केलेल्या गांधी हेरिटेज पोर्टलमुळे गांधीजींच्या शंभर खंडांच्या समग्र वाङ्मयातही आता घरी बसून शोध घेता येतो. मात्र तेथेही राजचंद्र, रायचंद, रायचंदभाई ही सर्व रूपे शोधावी लागतात, हे विसरू नये.

अलीकडे प्रश्न टंकताच सलग वाक्यांत उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. त्यांचा उपयोग निःसंशय आहे. कठीण गाथेचा अन्वय समजून घेण्यास, शब्दाची पर्यायी रूपे सुचवण्यास ती साहाय्य करतात. परंतु ही यंत्रे कधी कधी अस्तित्वात नसलेला संदर्भही तितक्याच आत्मविश्वासाने सांगतात. ग्रंथाचे नाव खरे असते आणि गाथेचा क्रमांक मनाने रचलेला असतो. म्हणून यंत्राचे उत्तर हे उत्तर नव्हे, तर कोठे पाहावे याची सूचना मानावी. मूळ ग्रंथाचे पान उघडून पाहिल्याखेरीज ते वहीत उतरवू नये आणि प्रवचनात तर मुळीच सांगू नये. गहन शंकांसाठी साधु-साध्वी व पंडितजनांची पर्युपासना हाच मार्ग आहे.

अनुप्रेक्षा : समासातील चिंतन

वाचलेल्याचे मनन करणे म्हणजे अनुप्रेक्षा. मनन करताना हातात लेखणी असावी, ही जैन परंपरेची जुनी रीत आहे. निर्युक्ती, भाष्य, चूर्णी, टीका असे एकावर एक चढत गेलेले चिंतनाचे थर आगमसाहित्यात आढळतात. हस्तलिखितांचे पान पाहिले तर ही रीत डोळ्यांना दिसते. त्रिपाठ पद्धतीच्या पोथीत मध्यभागी मोठ्या अक्षरांत मूळ पाठ आणि त्याच्या वर-खाली बारीक अक्षरांत टीका असते. पंचपाठात तर दोन्ही बाजूंचे समासही टीकेने भरलेले असतात. ओळींच्या मध्ये लोकभाषेत अर्थ लिहिण्याच्या पद्धतीला टबा म्हणतात. शिस्त अशी की, मूळ पाठ आणि टीका यांची सरमिसळ कधीही होत नाही.

महाजालावरील भाष्यसाधने हीच शिस्त नव्या रूपात पाळतात. २०११ मध्ये सुरू झालेल्या 'हायपोथेसिस' या साधनाच्या साहाय्याने वाचक संकेतस्थळावरील एखादे वाक्य अधोरेखित करून त्याच्या समासात आपली टीप लिहू शकतो. मूळ पान जसेच्या तसे राहते. टीप स्वतःपुरती ठेवता येते किंवा चार-सहा जणांच्या अभ्यासमंडळाला दाखवता येते. अशा टिपा एका साधनातून दुसऱ्यात नेता याव्यात म्हणून महाजालाचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने २०१७ मध्ये त्यासाठी मानकही निश्चित केले. संदर्भासह टिपणे ठेवण्यासाठी अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ मध्ये तयार झालेले 'झोटेरो' हे विनामूल्य साधन आहे. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष ही माहिती ते बहुधा आपोआप टिपते आणि तिच्याशी जोडून टिपण लिहिता येते.

साधन कोणतेही असो, प्रत्येक टिपणाचे तीन भाग असावेत. पहिला, संदर्भ: ग्रंथ, अधिकार, गाथा, आवृत्ती व पृष्ठ. दुसरा, उतारा: जसाच्या तसा. तिसरा, स्वतःचा विचार: वेगळ्या रंगात किंवा वेगळ्या परिच्छेदात, तारखेसह. एवढी शिस्त पाळली तर साध्या वहीचेही मोल वाढते आणि न पाळली तर सर्वांत आधुनिक साधनही निरुपयोगी ठरते.

येथे एक धर्मविचार लक्षात घेण्याजोगा आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरण कर्माच्या आस्रवाची जी कारणे सांगितली आहेत, त्यांत 'निह्नव' आहे. ज्याच्याकडून ज्ञान मिळाले त्या गुरूचे वा शास्त्राचे नाव लपवणे असाही त्याचा अर्थ केला जातो. मोबाईलवर रोज शेकडो सुविचार 'भगवान महावीरांचे वचन' म्हणून पुढे पाठवले जातात. त्यांतील किती वचने खरोखर आगमातील आहेत? संदर्भ न देता वचन पुढे ढकलण्याच्या या सवयीकडे केवळ निष्काळजीपणा म्हणून पाहून चालणार नाही.

आम्नाय : पुनःपुन्हा फिरून येणे

घोकणे, आवर्तन करणे म्हणजे आम्नाय. श्वेतांबर आगमांत यालाच परावर्तना म्हटले आहे. शास्त्र मुखोद्गत असण्याची थोर परंपरा जैनांना लाभली आहे. पण स्मृती क्षीण होते, हेही परंपरेने जाणले. आचार्य धरसेनांनी आपल्याकडील ज्ञान लुप्त होऊ नये म्हणून पुष्पदंत आणि भूतबली या मुनींना ते दिले आणि षट्खंडागम ग्रंथबद्ध झाला, असे दिगंबर परंपरा सांगते. श्वेतांबर परंपरेनुसार वीरनिर्वाणानंतर ९८० व्या वर्षी, काहींच्या मते ९९३ व्या वर्षी, वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी आगम पुस्तकारूढ केले. स्मरण आणि लेखन यांना परंपरेने कधी परस्परविरोधी मानले नाही. लेखनाने स्मरणाला आधार दिला.

महाजालाचा धोका येथे उलट दिशेने आहे. 'केव्हाही सापडेल' या भरवशावर मन काहीच धरून ठेवत नाही. टिपून ठेवलेले टिपण पुन्हा उघडलेच गेले नाही, तर ते लिहिले काय आणि न लिहिले काय! म्हणून दर चतुर्दशीला अर्धा तास तरी मागील पंधरवड्याची टिपणे वाचावीत. ज्यांचा अर्थ आता स्पष्ट आहे ती नीट लिहावीत, ज्यांचा उपयोग नाही ती काढून टाकावीत. साठवण्याची जागा अमर्याद आणि फुकट मिळू लागली की संग्रहाची हाव वाढते. हजारो पुस्तके उतरवून ठेवलेला आणि त्यांतील दहाही न वाचलेला मनुष्य ज्ञानी नसतो. तो ज्ञानाच्या साधनांचा परिग्रही असतो. अपरिग्रहाचे व्रत मोबाईलच्या पडद्यापाशी संपत नाही.

धर्मोपदेश : वही दुसऱ्याच्या हाती

स्वाध्यायाचे पाचवे अंग म्हणजे मिळवलेले दुसऱ्याला देणे. याच ठिकाणी नव्या साधनांची खरी परीक्षा आहे. 'गूगल नोटबुक' हे टिपणांचे लोकप्रिय साधन २००६ मध्ये सुरू झाले आणि २०१२ मध्ये बंद झाले. त्यातील टिपणे त्याच कंपनीच्या दुसऱ्या सेवेत हलवण्यात आली, परंतु ते साधन काही राहिले नाही. 'गूगल रीडर' हे वाचनाचे साधन २०१३ मध्ये थांबले. ताडपत्राने शतके काढली, चोपडीने पिढ्या काढल्या; या साधनांचे आयुष्य मात्र कंपनीच्या एका निर्णयावर अवलंबून असते. शिवाय वहीचे कपाट घरातील कोणीही उघडू शकतो. परवलीचा शब्द मात्र तो ठेवणाऱ्याबरोबरच जातो.

यावर उपाय साधे आहेत. टिपणे ज्यातून साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता येतात तेच साधन निवडावे. वर्षातून एकदा सर्व टिपणांची प्रत काढून ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. महत्त्वाची टिपणे कागदावर छापून घ्यावीत. प्रायश्चित्त, आरोग्य, कुटुंब अशा खाजगी गोष्टी महाजालावरील साधनांत लिहूच नयेत. आणि आपल्या पश्चात ही टिपणे कोणी, कशी उघडावीत हे घरातील एका विश्वासू व्यक्तीला लिहून द्यावे. दुकानाच्या किल्ल्या आणि बँकेची कागदपत्रे यांची व्यवस्था जैन गृहस्थ डोळसपणे करतो; ज्ञानाची व्यवस्थाही त्याच दक्षतेने व्हावी. ज्ञान जवळ असून पात्र व्यक्तीला न देणे, म्हणजे 'मात्सर्य', हेही ज्ञानावरणाचेच एक कारण सांगितले आहे.

महोत्सवी संकल्प

शास्त्रांची देखभाल आणि पूजन करण्याचा दिवस दोन्ही परंपरांत आहे. दिगंबर बांधव ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी, तर श्वेतांबर बांधव कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी साजरी करतात. त्या दिवशी पोथ्या बाहेर काढतात, धूळ झटकतात, नवी वेष्टने घालतात. सुवर्णमहोत्सवी वर्षापासून याच दिवशी आणखी एक काम व्हावे. प्रत्येक घराने आपल्या घरातील स्वाध्यायाची जुनी वही ट्रस्टच्या ग्रंथालयात आणावी. युवकांनी मोबाईलने तिची पाने टिपावीत आणि ज्येष्ठांनी शेजारी बसून लिहिणाऱ्याचे नाव, अंदाजे वर्ष, प्रवचनकार आणि ग्रंथ यांची नोंद सांगावी. मूळ वही घरी परत जावी, प्रत ग्रंथालयात राहावी. ज्या घरांना आपली वही स्वतःपुरतीच ठेवायची असेल, त्यांच्या इच्छेचा मान राखला जावा. या कामाला मोठा निधी लागत नाही; लागते ती ज्येष्ठांची उपस्थिती, आणि ती मात्र दरवर्षी कमी होत आहे.

विनोबांनी १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दीपावलीच्या दिवशी, पवनार येथे देह ठेवला. भगवान महावीरांच्या निर्वाणाचाही तोच दिवस. पुढील वर्षी, १९८३ मध्ये, जिनेंद्र वर्णी यांनी सम्मेदशिखरजीजवळ ईसरी येथे सल्लेखनापूर्वक समाधी घेतली. दोघेही गेले, पण एकाची प्रेरणा आणि दुसऱ्याची टिपणे 'समणसुत्तं'च्या रूपाने आजही वाचकांच्या हाती आहेत. आपल्या घरातील वहीला तेवढे मोठे भाग्य लाभेलच असे नाही. तथापि आजोबांनी ज्या गाथेपाशी शंका लिहून ठेवली, त्याच गाथेपाशी नातवाला थांबता आले आणि पान उघडून पुढे वाचता आले, तर स्वाध्यायाची ती परंपरा अखंड राहिली असे म्हणता येईल.